वरचे चार कांदे

मे महिन्यात बाकीचं नाशिक लग्नं खात फिरतं आणि आम्ही मास्तर लोक कॅपला जातो. कॅप म्हणजे सेंट्रल असेसमेंट प्रोग्रॅम, म्हणजे एक हॉल, तीन पंखे (त्यातला एक नुसताच आवाज करतो) आणि सुतळीनं बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी अर्थशास्त्राचा. इथल्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास शिजून पोचलो तर चेअरमन सर म्हणाले आधी मीटिंग.

मीटिंग कशासाठी तर सगळ्यांनी एकसारखं तपासावं म्हणून. सरांनी एकाच उत्तराची झेरॉक्स सगळ्यांना वाटली, प्रश्न मागणीच्या लवचिकतेचा, दहा मार्कांचा. पोरानं लिहिलं होतं की कांदा कितीही महाग झाला तरी नाशिकचा माणूस मिसळीवर कांदा मागतोच म्हणून कांद्याची मागणी ताठर असते. खाली आलेख, पण अक्षांना नावं नाहीत, कुठली किंमत आणि कुठली मागणी ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आम्ही अकरा जणांनी मार्क दिले. सगळ्यात कमी 3, सगळ्यात जास्त 9. मी 5 दिले, कारण मी मध्यममार्गी माणूस. तीन देणाऱ्या मॅडम म्हणाल्या ही काय भाषा झाली का, नऊ देणारे सर म्हणाले अहो याला विषय कळलाय, आणि चेअरमन सर म्हणाले मॉडेल आन्सर बघून द्या. मॉडेल आन्सरमध्ये मिसळ नव्हती.

दुपारी जेवण झाल्यावर सरांनी दुसरी झेरॉक्स म्हणून परत एक कागद फिरवला. मी 7 दिले. मग सर गालातल्या गालात हसले, कारण कागद सकाळचाच होता. सकाळी मी रिकाम्या पोटी पाच दिले होते आणि मध्ये मी स्वतः मिसळ खाऊन आलो होतो, एवढाच काय तो फरक.

आता अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण पीएचडी चालू असलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी लगेच हार्टॉग आणि ऱ्होड्स काढले. 1935 साली या दोघांनी विलायतेत असाच उद्योग छापला होता. यातले फिलिप हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, म्हणजे आपल्याकडचं पाणी प्यालेला माणूस. त्यांनी इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका घेतल्या, सगळ्यांना आधी सारखेच मार्क पडलेले, आणि 15 परीक्षकांकडून परत तपासून घेतल्या. मग बारा ते एकोणीस महिने जाऊ दिले आणि त्यातल्याच 14 जणांकडून त्याच पत्रिका पुन्हा तपासून घेतल्या. एकूण 210 निकाल. त्यातल्या 92 वेळा त्याच परीक्षकानं त्याच पत्रिकेचा निकालच फिरवला, मार्क थोडे इकडेतिकडे नाही, पास-नापास-क्रेडिट (क्रेडिट म्हणजे पासच्या वरची श्रेणी) यातलं काहीतरी बदललं. मी म्हटलं सर, त्यांना तरी वर्ष लागलं, आपण तीन तासात करून दाखवलं.

सर म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे हो, पण तुमचे किती झाले?"

"अकरा."

"आज चाळीस व्हायला पाहिजेत."

मग मी हार्टॉगना बॅगेत ठेवलं आणि लाल पेन काढलं.

खरी मजा संध्याकाळी. दिवसभर दुसऱ्यांचं मूल्यमापन करून घरी आलो तर मेलमध्ये माझं मूल्यमापन येऊन पडलेलं, थिसिसचा प्लेजिअरिझम रिपोर्ट, म्हणजे माझा किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो त्याचा हिशोब. विषय लासलगाव बाजारातले कांद्याचे भाव. साम्य 38 टक्के! यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम असाय की दहा टक्क्यांपर्यंत माफ, त्यावर चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, चाळीसच्या वर साठपर्यंत वर्षभर थिसिस द्यायचा नाही, आणि साठच्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. म्हणजे मी दोन टक्क्यांनी वाचलो होतो, आमच्या एटीकेटीवाल्या पोरांसारखा काठावर. बायकोनं विचारलं कोणाचं चोरलंस? मी रिपोर्ट उघडला. संदर्भसूची पूर्ण लाल. आभार लाल, त्यात अण्णांचे म्हणजे वडिलांचे मानलेले आभारही लाल, म्हणजे अजून कोणीतरी आपल्या वडिलांचे तसेच्या तसे आभार मानलेत. आणि 'कृषी उत्पन्न बाजार समिती, लासलगाव' हे जिथं जिथं आलं तिथं लाल. आता त्या समितीला मी दुसरं नाव कसं देऊ?

दुसऱ्या दिवशी कळलं की रिपोर्ट काढणाऱ्या पोरानं फिल्टरच लावला नव्हता. नियमातच लिहिलंय की संदर्भ, आभार, प्रस्तावना असलं मोजायचं नाही. फिल्टर लावला, आकडा आला 11. एक टक्का! या एका टक्क्यासाठी एका मित्रानं वाक्यं फिरवून देणारं सॉफ्टवेअर सुचवलं. मी एक परिच्छेद घातला, तर 'ऑनियन फार्मर्स'चं त्यानं 'बल्ब कल्टिव्हेटर्स' करून दिलं. निफाड तालुक्यात बल्बची शेती! पण हसायचं काम नाही, 2021 मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या पेपरांतून असलं शोधून काढलंय, कोणीतरी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' करून टाकलेलं आणि ते छापूनसुद्धा आलं. मी कांदा कांदाच ठेवला आणि वाक्यं हातानं मोडत बसलो.

पेपर छापायची गंमत तर विचारूच नका. आमच्या बढतीसाठी संशोधनाचे पॉइंट लागतात. यूजीसीच्या 2018 च्या तक्त्यात आमच्या शाखेला एका पेपरचे दहा. पण दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के, म्हणजे दहाचे दोघांत मिळून चौदा. बाजारात एवढा नफा फक्त व्यापाऱ्याला होतो. त्यामुळं आमच्याकडं एकट्यानं संशोधन करणाऱ्याकडं लोक कीव आल्यासारखं बघतात. वर व्हॉट्सॲपवर रोज एक मेसेज, डिअर सर, 48 तासात पब्लिश, सर्टिफिकेट फ्री, आयएसएसएन नंबरसहित. आता आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख नंबर, गाडीला नंबरप्लेट असते तसा, त्यावरून गाडी चालते की ढकलावी लागते ते कळत नाही. असल्यांना आळा बसावा म्हणून यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे चालणाऱ्या जर्नलांची यादी आली, मी दोन वर्षं घालवून तिच्यातलं एक जर्नल गाठलं, आणि 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती लिस्टच बंद केली. माझ्या पेपरवर तिथल्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय मात्र जपून ठेवलाय, दोन ओळी आहेत. पहिली, इंग्लिश सुधारा. दुसरी, खालील पाच पेपरांचा संदर्भ द्या. पाचही पेपर एकाच माणसाचे. कोणाचे असतील ते तुम्हीच ओळखा.

रविवारी गावी गेलो आणि हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णांनी आयुष्यभर कांदा विकला, त्यांना आश्चर्यच वाटलं नाही. म्हणाले, "अरे लिलावात व्यापारी काय करतो? ट्रॅक्टरच्या वरचे चार कांदे उचलतो, एक दाबून बघतो, आणि बोलून मोकळा. आमचे सहा महिने त्याच्या अर्ध्या मिनटात."

"मग तुम्ही काय करायचे?"

"वर चांगले चार ठेवायचो. आणि बारकी गोल्टी तळाला."

"पण अण्णा, ही फसवणूक झाली."

"तू थिसिसचं पहिलं प्रकरण किती वेळा लिहिलंस?"

सात वेळा. शेवटचं प्रकरण एकदा, तेही एका रात्रीत. मी विषय बदलला आणि भाकरी मागितली.

सोमवारी परत कॅप. पहिलीच पत्रिका उघडली, पहिल्या पानावर सुरेख अक्षर, समास आखलेला, मुद्द्यांखाली रेघा. वरचे चार कांदे! म्हटलं आज फसायचं नाही, आणि थेट शेवटच्या पानावर गेलो, तिथं तळ बघायचा. तिथं उत्तर नव्हतं. अक्षर तेच पण घाईतलं, लिहिलं होतं, 'सर प्लीज पास करा, यंदा कांद्याला भाव नाही, परत फी भरता येणार नाही.'

असलं काही लिहिलेलं दिसलं की चेअरमनना सांगायचं असतं, तो गैरप्रकार धरतात. मी समोर बघितलं, सर चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होते. मी पान मिटलं, पहिल्यापासून सगळी उत्तरं नीट वाचली, अक्षरशः सगळी, मार्क दिले आणि बेरीज केली. मग खात्री करायला परत दोनदा केली. तिन्ही वेळा वेगळी आली.