खालची तारीख

"विमा संपलाय तुमचा," माझा मोबाइल हातात धरून हवालदारसाहेब म्हणाले. संपला नव्हता. सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा केली तर तिच्या भरपाईचा, एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मी वर्षाचाच घेतला होता. म्हणून पॉलिसीवर तारखा दोन. साहेबांना वरची दिसली. नुकसानीचा विमा पुढे दुसऱ्या कंपनीकडे स्वस्त मिळाला, तो कागद दाखवला तर "याचा नंबर वेगळा कसा?" गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दाखवणारं मशीन त्यांच्याकडे होतं, पण ते चार्ज नव्हतं.

तेवढ्यात मागच्या स्कूटरवरचे काका उतरून आले. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं.

"सोडू नका साहेब. दोन हजार दंड, नाहीतर तीन महिने आत. दोन्हीपण होतं."

आकडे बरोबर होते, हे जास्त झोंबलं. मोटार वाहन कायदा, कलम १९६. दुसऱ्यांदा सापडलं तर चार हजार.

"काका, थर्ड पार्टी चालू आहे माझी."

"पार्ट्या घरी करा. आमच्या मेव्हण्याची गाडी अश्शी उचलून नेली होती."

"विमा नव्हता?"

"नो पार्किंगात होती."

राग याचा, की तो विमा या काकांसाठीच होता. उद्या ते माझ्या गाडीखाली आले, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. कोर्ट ठरवेल तेवढी कंपनी देणार. त्यांच्या स्कूटरच्या नुकसानीचे मात्र साडेसात लाखांपर्यंतच. अनोळखी लोकांच्या हाडांची तीन वर्षांची तजवीज मी आगाऊ करून ठेवायची, आणि त्यांतल्याच एकानं मला आत टाकायला सांगायचं!

शेजारी पोलिसांची जीप उभी होती, एक दिवा फुटलेली. सरकारी गाडीला या विम्याची सक्तीच नाही, कलम १४६मध्येच तशी सूट आहे. हे मी बोललो नाही. तेवढा विमा माझ्याकडे नव्हता.

शेवटी साहेबांनी चष्मा लावून खालची तारीख वाचली. "हे ठळक छापायचं ना मग!" म्हणजे पॉलिसी मीच छापली. कंपनीला स्वतःचा लोगो इंचभर छापता येतो. ज्या तारखेपायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, ती मात्र मुंगीच्या पायाएवढी. आणि काकांच्या स्कूटरचे कागद? ते कुणीच मागितले नाहीत.

"जा," साहेब म्हणाले. मी काच वर घेतो न घेतो तोच मागून आवाज आला, "साहेब, पीयूसी बघितली का त्यांची?"

साहेबांनी शिट्टी फुंकली.