नोव्हेंबरात कापलेली बाग

शाळेतल्या मित्रांशी महिनाभर एकच वाद चालला आहे. तिकडे मायदेशी एका सार्वजनिक बागेतली हिरवळ काढून गवते आणि रानफुले लावायची टूम निघाली, तेव्हा आमच्यातला सर्वांत बोलका मित्र म्हणाला, की वाळक्या काड्यांना कला म्हणणे हे युरोपातले चोचले आहेत, आपल्याकडे त्याला निष्काळजीपणा म्हणतात.

नेदरलँड्समध्ये राहून हे ऐकून घेणे अवघड होते. अशाच गवत-रानफुलांच्या बागा रचणारे डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांनी १९८२ मध्ये इथल्या हुम्मेलो गावी बस्तान हलवून रोपवाटिका थाटली. रोप निवडताना ते फुलाच्या रंगाआधी झाडाचा सांगाडा पाहतात: पाकळ्या गळाल्यावर बोंड कसे दिसेल, धुक्यात गवत कसे झुकेल. न्यूयॉर्कच्या बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर, म्हणजे हाय लाइनवर, त्यांनी योजलेला झाडोरा वाळल्यावरही हिवाळाभर मुद्दाम उभा ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर माळी व स्वयंसेवक तो हातांनी कापतात. हिरवळीवर यंत्र फिरवणे त्याहून कितीतरी सोपे; इथे कोणते रोप शेजारच्याला गिळून टाकील, हे लावण्याआधीच ओळखावे लागते.

‘ही सगळी आयात आहे’ हा मित्राचा दुसरा मुद्दा मला अधिक झोंबला. बागरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांना स्वतःच्याच ब्राझीलमधल्या वनस्पतींचे सौंदर्य उमगले ते १९२८च्या सुमारास, बर्लिनच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत. मायदेशी परतल्यावर त्यांनी त्याच झाडांच्या बागा रचल्या. दुरून पाहिल्याशिवाय आपले दिसत नाही, असे मी जरा ऐटीतच लिहिले. त्याचे उत्तर आले, “ते परतले तरी.”

त्याला न कळवलेली गोष्ट इथे लिहितो. मागच्या अंगणातल्या फरश्या मी उपटल्या, नगरपालिकेने त्या नेल्या, आणि तिथे मी औडॉल्फ यांच्या धर्तीवर एकिनेशियाची फुलझाडे आणि मोलिनिया नावाचे गवत लावले. नोव्हेंबरात सगळे तपकिरी झाले, तेव्हा कुंपणापलीकडच्या बाईंनी अगदी सौजन्याने विचारले, आवराआवरीला मदत हवी आहे का. आमच्याच रांगेत आणखी एका घरी तशाच काड्या उभ्या होत्या, पण त्यांना कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला बाग राखता येत नाही असे कोणी म्हणू नये, या धास्तीने मी त्याच शनिवारी सगळे जमिनीलगत कापून बागकचऱ्याच्या हिरव्या डब्यात भरले.

काल मित्राला मी दंवाने पांढऱ्या झालेल्या बोंडांचा फोटो पाठवला. तो चार घरे पलीकडच्या बागेतला आहे.