शेवटचे आठ सेकंद आणि रडीचा डाव: नाशिकच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

(तुम्ही निवृत्त असल्याचं लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर त्या छोट्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी इथे इंग्लंडमध्ये बसून ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुनी नाणी कशी घेतो, यावर गेल्या महिन्यात लिहिलं होतं. बोली मी शेवटच्या आठ-दहा सेकंदांत लावतो, असं त्यात होतं. त्यावर काका लिहितात की हा रडीचा डाव आहे. त्यांना १९४८ सालच्या गांधी तिकिटांपैकी तीन कोरी तिकिटं हवी होती: दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे. सहा दिवस २२ पौंडांवर तेच पुढे होते. शेवटच्या चार सेकंदांत कुणीतरी येऊन ती ३१ पौंडांना उचलली. गावच्या लिलावात ‘एकवार, दोनवार’ म्हणून समोरच्याला संधी देतात, इथे ती मिळत नाही, म्हणजे हा रुमालाखालचा सौदा झाला, आणि मी तो लोकांना शिकवतोय, असा त्यांचा आक्षेप आहे. विकणाऱ्याचंही यात नुकसान होतं, असं ते म्हणतात.

तिकिटं हातची गेली याचं खरंच वाईट वाटलं. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली ती तिकिटं हातात धरली की त्यांची छपाई किती देखणी आहे ते कळतं. सहा दिवस मनात आपलीच मानलेली वस्तू चार सेकंदांत जाते तेव्हा पोटात कसं होतं, ते मीही अनुभवलंय. पण तुम्हाला कुणी फसवलं, हे मला मान्य नाही.

आधी तुमचे आकडे बघू. २२ ही तुमची बोली नव्हतीच, तो फक्त पडद्यावर दिसणारा भाव होता. ईबेवर आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. तुमच्या खालोखाल कुणाची तरी मर्यादा २१ होती, १५ ते ६० पौंडांच्या टप्प्यात वाढ एक पौंडाची, म्हणून भाव २२ दिसत होता. शेवटी तो ३१ वर थांबला, यावरून तुम्ही ३० सांगून ठेवले होते असं दिसतं. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय, “मी ४० पर्यंत सहज गेलो असतो.”

मग काका, ३० का सांगितले?

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण पहिली दोन वर्षं माझंही तेच होतं: गरज पडली तर वाढवू. सगळी मेख या ‘गरज पडली तर’मध्ये आहे. शेवटी येणारा माणूस तुमचे ४० हिसकावून घेत नाही. जे ४० तुम्ही यंत्रणेला कधी सांगितलेच नाहीत, ते सांगायला त्याने वेळ ठेवला नाही, इतकंच. तुम्ही ४० लिहिले असते तर त्याला ४० पेक्षा जास्त मोजावे लागले असते, आणि त्याची तयारी तेवढी नसती तर आज तिकिटं तुमच्या अल्बममध्ये असती. तो एका सेकंदाआधी आला की सहा दिवसांआधी, याने तेव्हा काही फरक पडला नसता.

विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हेच मांडलं. (नंतर १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं.) जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढीच रक्कम लिहिण्यात शहाणपण असतं. कमी लिहून पैसे वाचत नाहीत, फक्त वस्तू जायचा धोका वाढतो. तुम्ही तिकीटवाले, म्हणून मुद्दाम सांगतो: ही पद्धत कागदावर यायच्या कितीतरी आधी तिकीटवाल्यांनी व्यवहारात आणली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी १८९३ सालीच टपालाने बोल्या मागवून असा लिलाव झाला होता. लांबच्या संग्राहकाने पाकिटातून आपला कमाल आकडा पाठवायचा, आणि तो जिंकला तर त्याच्याकडून दुसऱ्या बोलीपेक्षा जेमतेम वर घ्यायचं.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: खरा आकडा एकदा लिहिला की काम झालं, तर मग हा माणूस शेवटच्या आठ सेकंदांपर्यंत ताटकळत का बसतो? सोमवारीच लिहून मोकळा का होत नाही?

कारण बोली म्हणजे नुसते पैसे नसतात, ती बातमी असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘भारतीय तांब्याची नाणी, ११ नग’ एवढंच वर्णन, एकच फोटो, तोही हललेला. बहुतेक नाणी ईस्ट इंडिया कंपनीची, झिजून गुळगुळीत झालेली. पण डावीकडच्या कोपऱ्यात एक नाणं होतं. त्याच्या कडेने ठिपक्यांचं वर्तुळ, वरच्या ओळीत ‘श्री’, तिच्याखाली ‘राजा’चा काना आणि पुढे ‘जा’चा अर्धाच भाग. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तीही नंतरच्या काळातली दुदांडी (अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली) नव्हे, जुन्या घडणीची. मी फोटो मोठा करून करून पाहिला आणि त्या रात्री झोप लागली नाही. भाव ९ पौंडांवर होता.

समजा मी त्याच वेळी बोली लावली असती. ९ चे १० झाले असते, आणि त्या लॉटवर नजर ठेवून असलेल्या प्रत्येकाला कळलं असतं की या ढिगात कुणाला तरी काहीतरी दिसलंय. फोटो त्यांनीही मोठा करून पाहिला असता. अक्षरं वाचायला मी पंधरा वर्षं घालवली. धुळीतून ‘सिव’ की ‘शिव’ हे ओळखायला शिकलो. ती मेहनत एका बोलीत सगळ्यांना वाटून टाकायची का? आठ सेकंद राहिले असताना मी ४१ पौंड ३७ पेन्स लिहिले आणि लॉट १४ पौंडांना मिळाला. पाकीट आलं तेव्हा नाणं हातात घेतलं. मागच्या बाजूला ‘छत्र’ पूर्ण, ‘पति’मधला ‘ति’ कडेला अर्धा कापला गेलेला. ठसा मारणाऱ्याचा हात किंचित सरकला असणार. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिने पदराने डोळे पुसले.

उशिरा बोली लावायचं दुसरं कारण वाईट अनुभवातून आलंय. एका साइटवर (नाव घेत नाही) मी पहिल्याच दिवशी ६० पौंड लिहून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी एकाच खात्यावरून लागोपाठ बोल्या आल्या: ३५, ४०, ४५, ५०, ५५, ५८. तिथे तो थांबला. वस्तू मला ५९ ला पडली, आणि पुढच्या महिन्यात त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या लॉटवर तेच खातं तसंच पायऱ्या चढताना दिसलं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही. पण विक्रेत्याने आपल्याच माणसाकरवी भाव चढवायचा हा प्रकार जुना आहे. तो ईबेच्या नियमांत बसत नाही, शेवटच्या क्षणी बोली लावणं मात्र बसतं. माझा आकडा आठ सेकंद आधीपर्यंत कुठेच नसेल, तर त्याला चाचपून चढणार कोण?

रुमालाखालच्या सौद्याची तुलना मात्र मला लागली. बाजारात हातावर रुमाल टाकून बोटं दाबत भाव ठरायचा तेव्हा शेतकऱ्याला आपल्या मालाला कुणी किती देऊ केले, हे शेवटपर्यंत कळत नसे. लपवाछपवी ती. ईबेवर लिलाव संपल्यावर कुठल्या सेकंदाला किती बोली आली, हे विकणाऱ्यासकट सगळ्यांना दिसतं. बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, रकमा नाही; जिंकणाऱ्याची कमाल मर्यादा तेवढी दिसत नाही.

‘एकवार, दोनवार’बद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा मुद्दा मला तोच वाटतो. फक्त तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय. गावचा लिलाव घड्याळावर संपत नाही, लोक गप्प झाले की संपतो. ईबेवरचा संपतो घड्याळावर. ‘तीनवार’ म्हणणारा माणूसच तिथे नाही.

या फरकाने काय होतं, ते ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. त्यांचा लेख २००२ सालचा. त्या काळी ॲमेझॉनवरही लिलाव चालायचे, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत वाढायची, आणि सलग दहा मिनिटं शांतता झाली तरच लिलाव बंद व्हायचा. म्हणजे तुमचं ‘एकवार, दोनवार’च. ईबेवर पुराण वस्तूंच्या ५९ टक्के आणि संगणकांच्या ४० टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आलेली त्यांना दिसली. ॲमेझॉनवर असं होण्याचं प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं. दोन्हीकडची माणसं काही वेगळ्या जातीची नव्हती. पुराण वस्तूंमध्ये हे प्रमाण जास्त का, तर तिथे जाणकाराची बोली हीच बातमी असते. माझ्या शिवराईसारखीच.

आणि हे इंटरनेटने आणलेलं खूळ नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये मेणबत्ती पेटवून लिलाव चालत. ज्योत विझेपर्यंत जो शेवटचा बोलेल, त्याचा माल. सॅम्युअल पेप्स या सरकारी अधिकाऱ्याने १६६२ च्या सप्टेंबरात जहाजांचा असा लिलाव पाहिला आणि रोजनिशीत टिपून ठेवला. एक जण दर वेळी बरोबर शेवटची बोली लावून माल नेत होता. पेप्सने त्याला गुपित विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली येतो, मी तो धूर बघतो. मला तो माणूस लबाड वाटत नाही. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, तो मेणबत्तीकडे बघत होता.

आपल्याकडे जिथे मोठे पैसे गुंतलेले असतात तिथे हे ओळखून नियम केलेत. बँकांनी जप्त केलेल्या घरांच्या ई-लिलावाची जाहिरात नीट वाचा. शेवटच्या काही मिनिटांत बोली आल्यास पाच-पाच मिनिटांची मुदतवाढ, असं कलम त्यात हमखास असतं. २०१० चा थ्रीजी स्पेक्ट्रमचा लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. तिथे तर फेऱ्यांमध्ये बोली न लावता गप्प बसलात तर पुढे बोली लावायचा हक्कच कमी व्हायचा. म्हणजे उशिरा येणाऱ्याला आळा घालता येतो. घालायचा असेल तर नियमाने घाला, शेवटी येणाऱ्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून नको.

विकणाऱ्याचं नुकसान होतं हा आक्षेप मात्र मी स्वीकारतो. मूळ लेखात मी तो एका वाक्यात उडवून लावला होता, ते चुकलं. मुदतवाढीच्या नियमात विक्रेत्याला जास्त पैसे मिळतात, हे प्रयोगशाळेतल्या प्रयोगांतही दिसलंय, आणि त्यातलं एक नाव पुन्हा रॉथ यांचंच आहे. त्या ११ नाण्यांच्या विक्रेत्याला आणखी बोल्या आल्या असत्या तर १४ पेक्षा बरंच जास्त मिळालं असतं. याचं मला कधीकधी वाईट वाटतं. म्हणून वस्तू एखाद्या घरातली पिढीजात ठेव आहे असं वर्णनावरून कळलं, तर मी विक्रेत्याला आधीच लिहून कळवतो की हे नाणं काय आहे. दोनदा असं केलं. दोन्ही वेळा नाणं माझ्या आवाक्याबाहेर गेलं आणि मला बरं वाटलं.

लेखात आणखी दोन दुरुस्त्या केल्या आहेत. एक: दोघांचा कमाल आकडा अगदी सारखा असेल तर ज्याने आधी लिहिला तो जिंकतो. उशिरा येणाऱ्याचा हा खरा तोटा आहे आणि मी तो सांगितलाच नव्हता. (माझे ३७ पेन्स त्याचसाठी असतात. गोल आकडे सगळेच लिहितात.) दोन: आपोआप बोली लावून देणाऱ्या सेवांचा मी नुसता उल्लेख केला होता, त्यातून शिफारस केल्यासारखं वाटलं. आपला पासवर्ड तिसऱ्याच्या हाती देऊ नका. मी हातानेच बोली लावतो आणि कधीकधी फसतोही. मागच्या हिवाळ्यात शेवटच्या पाच सेकंदांत पानाने पुन्हा लॉगिन मागितलं. मी पासवर्डचं तिसरं अक्षर टाइप करत होतो तेवढ्यात लिलाव संपला. तेव्हापासून आठ सेकंदांच्या खाली जात नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तोच संच दुसऱ्या विक्रेत्याकडे आलाय. मी पाहिला. बारा आण्याच्या तिकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातला छिद्रांच्या कडेचा एक दात आखूड वाटतोय, मागच्या बाजूचा फोटो मागवून घ्या. लिलाव रविवारी इथल्या रात्री आठला संपतो, म्हणजे नाशिकमध्ये साडेबारा वाजलेले असतील. जागायची गरज नाही. संध्याकाळी शांतपणे बसा, टपालखर्च धरून तुम्हाला तो संच जास्तीत जास्त कितीला हवाय ते कागदावर लिहा, तोच आकडा साइटवर भरा आणि झोपा. मी त्या लॉटवर बोली लावणार नाही. तरीही आकडा मला कळवू नका.