पगार वाढतो आणि दवाखाना सुटतो

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणारा पन्नाशीचा माणूस आणि अंबडच्या कंपनीत राबणारा त्याच वयाचा कामगार, दोघांच्या आयुष्यभराच्या दवाखान्याचा हिशोब मांडला तर रुपयांत आकडा पहिल्याचाच मोठा निघेल. तो दरवर्षी तपासण्या करतो, विम्याचा हप्ता भरतो, दात-डोळे वेळेत दाखवतो. म्हणून "आजारपणावर पैसेवालेच जास्त खर्च करतात" हे ऐकायला खरं वाटतं. पण त्याचा खर्च महिन्याच्या पगारातून भागतो. कामगाराचा भागतो तो बायकोच्या दागिन्यांतून, गावाकडच्या जमिनीतून, पोरीच्या कॉलेजच्या फीमधून.

शुगरचंच घ्या. गोळ्या स्वस्त आहेत, जेनेरिक तर फारच. पण त्याआधी शुगर आहे हे कळायला हवं, आणि उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत थांबायचं म्हणजे खाडा. त्रास तर काहीच होत नसतो! मग काही वर्षांनी पायाची जखम भरत नाही, किडनी जाते. गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्याचं मोल मोठं आहे. तरी पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पेशंटला जवळ सोय नसेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा नाशिक गाठायचं, सोबत घरातलं एक माणूस. दोघांची मजुरी बुडते आणि ती कुठल्याच बिलावर येत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. देशात लोकांच्या खिशातून होणारा खर्चही एकूण आरोग्यखर्चाच्या ६४ टक्क्यांवरून (२०१३-१४) ३९ टक्क्यांवर (२०२१-२२) आला. चांगलंच झालं. पण ही योजना मुख्यतः ॲडमिट झाल्यावरची. बीपीची रोजची गोळी तिच्यात बसत नाही, आणि खरी बचत तर त्या गोळीतच आहे.

रोजची गोळी देणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पगाराच्या हिशोबात कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्यात ओपीडी, औषधं, कुटुंबाचे उपचार येतात. अटींत बसलं तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. सातपूरच्या हॉस्पिटलमधल्या रांगांबद्दल तक्रारी करा, जरूर करा, पण असं संरक्षण कमी पगाराच्या माणसाला दुसरीकडे कुठे आहे?

पण ईएसआय ठरावीक पगारापर्यंतच मिळतं; ही पगारमर्यादा २०१७ मध्ये महिना २१,००० रुपये झाली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच अडकली. म्हणजे वीस वर्षं घासल्यावर, चाळिशीत, बीपी-शुगर सुरू व्हायच्या वयात पगार थोडा वर सरकला की वर्गणीची चालू सहामाही संपताच कामगार बाहेर. हातात हजार-दोन हजार जास्त, आणि आई-वडिलांसकट सगळ्या घराचा दवाखाना अंगावर. त्या वयात खाजगी मेडिक्लेमचा हप्ता किती येतो, विचारून बघा.

सातपूर-अंबडच्या युनियनवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या करारात नुसती रक्कम मागू नका. जे ईएसआयमधून बाहेर पडणार, त्यांच्यासाठी ओपीडी आणि औषधांसकटचा कंपनीचा विमा त्याच करारात लिहून घ्या, कंत्राटी पोरांची नावं धरून.