सोलो ट्यूनिंगला कालबाह्य म्हणण्याआधी

क्रोमॅटिक माउथ ऑर्गन, म्हणजे बटणाच्या मदतीने बाराही स्वर देणारा माउथ ऑर्गन, शिकायला निघालेल्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: दुकानात मिळणारं सोलो ट्यूनिंग (स्वरांची नेहमीची मांडणी) कालबाह्य झालंय, त्यात निम्मे रीड (स्वर देणारी पाती) वाया जातात, बारा पट्ट्यांसाठी श्वास-बटणाचे बारा पॅटर्न घोकावे लागतात, डिमिनिश्ड नावाच्या मांडणीत तीनच लागतात, तेव्हा पहिल्यापासून तेच घ्या. तीन पॅटर्नची गोष्ट खरी आहे. बाकीचं हिशेबात बसत नाही.

आधी मांडणी बघू. सोलोमध्ये चार होलांचा संच असतो. ब्लोला, म्हणजे फुंकताना, सी, ई, जी, सी आणि ड्रॉला, म्हणजे श्वास ओढताना, डी, एफ, ए, बी. बटण दाबलं की प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने चढतो. डिमिनिश्डमध्ये ब्लोला सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए आणि ड्रॉला डी, एफ, ए फ्लॅट, बी (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, शार्प म्हणजे अर्धा स्वर वर).

आता रीड वाया जाण्याचं. दोन्हींत सप्तकाला चार होल, म्हणजे 16 रीड, स्वर 12. चार रीड दोन्हीकडे जादाच. सोलोत सी तीनदा येतो, सी शार्प आणि एफ दोनदा. डिमिनिश्डमध्ये ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए आणि सी दोन-दोनदा. उलट 12 होलांच्या बहुतेक सोलो वाद्यांत शेवटचा ड्रॉ बटणासह डीपर्यंत जातो, त्यामुळे 39 वेगळे स्वर मिळतात, डिमिनिश्डमध्ये 37. पुनरुक्ती खरोखर नकोच असेल तर ऑगमेंटेड मांडणी आहे: सप्तकाला तीन होल, 12 होलांत पूर्ण चार सप्तकं. सल्ला देणारे तिचं नावही घेत नाहीत.

शिवाय सोलोतले ते जादा स्वर कामाचे आहेत. दुसऱ्या होलवर ब्लोचा ई धरून बटण दाबलं की त्याच श्वासात एफ येतो. पांढरी एकमध्ये (जिथे सी म्हणजे सा) गंधार-मध्यमाची मुरकी नुसत्या अंगठ्यावर निघते किंवा बोटावर, जसं ज्याचं बटण. डिमिनिश्डमध्ये ई बटण दाबून ब्लोला आणि एफ बटण सोडून ड्रॉला, त्यामुळे तिथे दर वेळी श्वास उलटवावा लागतो.

बारा पॅटर्नचा आकडाही बरोबर नाही. पांढरी एकचा भूप सोलोवर बटणाला हात न लावता वाजतो: पहिला ब्लो, पहिला ड्रॉ, दुसरा ब्लो, तिसरा ब्लो, तिसरा ड्रॉ, चौथा ब्लो. बटण दाबून धरा आणि तेच वाजवा, भूप काळी एकमध्ये आला. इंग्लिश संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी 1951 मध्ये माउथ ऑर्गनवादक लॅरी ॲडलर यांच्यासाठी लिहिलेला रोमान्स डी फ्लॅटमध्ये, म्हणजे याच काळी एकमध्ये आहे. तोच भूप डिमिनिश्डवर पांढरी एकमध्ये वाजवायचा तर गंधार आणि पंचम दोन्हींना बटण लागतं. रोज दोन-तीन पट्ट्यांतच गाणी वाजवणाऱ्याला तीन पॅटर्नचा फायदा कधी वसूल व्हायचा?

सगळ्यात मोठी किंमत मात्र या सल्ल्यात सांगितलीच जात नाही. डिमिनिश्डमध्ये एका श्वासात, बटण एकाच स्थितीत असताना, कुठल्याही दोन होलांमधलं अंतर तीन, सहा, नऊ किंवा बारा अर्धस्वरांचंच असतं, किंवा त्याहून मोठी तिनाचीच पट. पंचम साच्या सात अर्धस्वर वर. म्हणजे सा-प ही जोडी या वाद्यावर एकत्र वाजूच शकत नाही. सा-म नाही, सा आणि शुद्ध गंधारही नाही. मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) तर दूरच. सोलोत पहिले तीन होल एकत्र फुंकले की सी मेजर उभा राहतो, मधला होल जिभेने झाकला की सा-प. आपल्या कानाला तंबोऱ्याची सवय आहे. त्या जोडीशिवाय मला हे वाद्य अर्धं वाटतं.

“सोलोवर जॅझ जमत नाही” असंही वर जोडलं जातं. ब्रसेल्सचे टूट्स थिलेमन्स (1922–2016) आयुष्यभर सोलोवरच जॅझ वाजवत होते. त्याने सोलो सोपं ठरत नाही, पण “जमत नाही” हे खोटं ठरतं.

डिमिनिश्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाणाऱ्यांची साथ करणारा, ज्याला आज काळी चार आणि उद्या पांढरी पाच धरावी लागते आणि जो एकेरी सुरावटच वाजवतो, त्याने ते जरूर घ्यावं. फक्त सा-प जोडीने वाजणार नाही, हे सल्ला देणाऱ्याने त्याला पैसे मोजायच्या आधी सांगायला हवं.