ईक्यू, सोलापुरी चादर आणि काळी एकचा षड्ज

काका, खोलीतला आवाज माइकने मोजून ईक्यूने (म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) सुधारावा, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं: गाणं कानांनी ऐकायचं, लॅपटॉपवरचे आलेख बघून नाही; ईक्यू लावला की आवाजातला जीव जातो; आणि दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला जाड सोलापुरी चादर टांगली की काम भागतं.

ईक्यूबद्दलचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. एखादं ॲप 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत सगळं सरळ रेषेत आणतं, तेव्हा गाणं खरंच निर्जीव होतं. चांगल्या स्पीकरच्या वरच्या स्वरांना मी हात लावत नाही. पण एवढ्याशा खोलीत साधारण 250 हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच जास्त चालतं. तुमची 12 फुटांची बाजू घ्या. तिचा पहिला घुमारा (दोन भिंतींमध्ये लहर मागेपुढे होऊन जो स्वर फुगतो तो) 47 हर्ट्झच्या आसपास, दुसरा 94, तिसरा 141. आणि काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज 138.6! म्हणजे काळी एकमध्ये गाणारे बुवा षड्जावर आले की खोलीही त्यांच्याबरोबर गाते. शेजारच्या स्वरांना ही साथ मिळेलच असं नाही. त्यात सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर या बाजूचे सगळे घुमारे तिथेच सर्वांत जोरात. कानाला हे भरदार वाटतं आणि सवयीने तेच खरं वाटू लागतं.

चादरीने टाळीचा खणखणाट कमी होतो, हे खरं. पण 47 हर्ट्झची लहर सव्वासात मीटरच्या आसपास लांब असते. तिला कापडाचा पडदा जाणवतच नाही. उलट वरचे स्वर तेवढे शोषले जातात आणि खालचा घुमारा जास्तच उठून दिसतो. शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, वर स्लॅब. आपल्या घरांत बेस गिळणारं फारसं काही नसतंच.

म्हणून माइक. पंखा बंद करून, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर आणि डोक्याभोवती दोन-चार ठिकाणी मोजायचं. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मग ईक्यूच्या फिल्टरने आलेखातले फक्त उंचवटे कापायचे. त्याने आवाजाची पातळी उतरतेच, शिवाय रेंगाळणंही कमी होतं आणि डग्ग्याचा ठोका सुटा ऐकू येतो. खड्डे मात्र भरायचे नाहीत. 10 डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरकडून दहापट ताकद लागते, आणि परत येणारी लहर तीही खाऊन टाकते. तिथे सोफा फूटभर पुढे ओढणं हाच उपाय. फिल्टर फार अरुंदही नको: आपल्याकडच्या 40 अंशांच्या उन्हाळ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 343 वरून 355 मीटरवर जातो आणि 47 चा घुमारा साडेअठ्ठेचाळीसवर सरकतो.

तुमच्या कानांवर माझा अविश्वास नाही. ओळखीचं एखादं ध्वनिमुद्रण लावा, फिल्टर चालू-बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जरा मोठं असलं की तेच चांगलं वाटतं. जे ऐकू येईल ते इथे लिहा. माझ्या विरुद्ध निघालं तरी मला ते वाचायचं आहे.