चिमटा काढा, किचन बघा

आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होणारे, म्हणजे होणारे होणारे असं मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, पण आता बिल्डरने चक्क लिंक पाठवलीय, नव्या बिल्डिंगचा इंटरॅक्टिव्ह प्लॅन, झूम करा, सरकवा, आपापला फ्लॅट बघा. सेक्रेटरींनी ती ग्रुपवर टाकली आणि गुड मॉर्निंगचे फोटो दोन दिवस बंद पडले.

मी लॅपटॉपवर उघडून नुसतं पेज खाली न्यायला माऊसचं चाक फिरवलं तर पेज जागच्या जागी आणि प्लॅन फुगायला लागला, तोही कर्सर जिथे होता तिकडेच, आणि कर्सर होता नेमका डक्टवर. स्क्रीनभर डक्ट! वरच्या मजल्यावरचे काका रिटायर्ड ड्राफ्ट्समन, ऑटोकॅडवर हात बसलेला, म्हणाले, "चाक दाबून धर आणि ओढ." दाबलं तर बाणांचं गोल चिन्ह आलं आणि पेज आपलं आपणच पळत सुटलं. मावसबहीण डिझायनर, ती म्हणे स्पेसबार दाबून ओढायचं असतं गं, तर स्पेसबारने पेज धाडकन एक स्क्रीन खाली. कंट्रोल दाबून चाक फिरवलं तर मेन्यू, लोगो, 'आजच बुक करा' सगळं सुजलं आणि किचन गेलं स्क्रीनबाहेर.

आईचा मोबाइलवर वेगळाच तमाशा. एका बोटाने सरकवलं की राखाडी पडदा येतो, 'दोन बोटं वापरा'. आता तिचा एक हात कणकेत, दुसऱ्यात फोन, त्याच हाताच्या अंगठ्याने किती चिमटे काढणार? गुगल मॅप्सवर डबल टॅप करून बोट न उचलता वरखाली नेलं की एका बोटाने झूम होतं, ते मी शिकवलं, तर इथे डबल टॅपला 'आमच्या प्रतिनिधीशी बोला' उघडलं. तिला बघायचंय काय, तर किचनला खिडकी आहे की नाही, बस.

बरं, हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. २००१ साली एसव्हीजी हे वेबवरच्या चित्रांचं स्टँडर्ड आलं, त्यात 'झूम-अँड-पॅन', म्हणजे चित्र मोठं करायची आणि सरकवायची, अशी एक सोय होती. पण तिला पर्याय दोनच, चालू नाहीतर बंद. कुठल्या बटणाने, किती बोटांनी, त्यावर चकार शब्द नाही, आपल्या नोटीस बोर्डासारखं, 'पाणी येईल' एवढंच, कधी ते तुम्ही बघा. ब्राऊझरांनी तिला फारशी भीक घातली नाही आणि आता तर ती बाद झाल्यातच जमा. मग ज्याने त्याने आपलं चालवलं. मॅकच्या ट्रॅकपॅडवर चिमटा काढला तर क्रोम पेजला सांगतो की कंट्रोल दाबून चाक फिरवलंय, आणि कंट्रोलला कुणी हातही लावलेला नसतो! माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या चाकाला हात लावू नका, ते पेजचं आहे, आणि कोपऱ्यात अधिक, उणे आणि 'पूर्ण प्लॅन' अशी तीन ढळढळीत बटणं द्या.

शेवटी आईने बिल्डरच्या ऑफिसात फोनच लावला, खिडकी आहे का हो? तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "झूम करून बघा ना मॅडम."